वंशावळीतून गाळलेली सुमी

मी बंगळूरला निघालो तेव्हा बाबा किन्हवलीच्या स्टँडवर सोडायला आले होते. माझी पेटी चढवताना एसटीच्या पायरीवर त्यांचा तोल गेला. कंडक्टर हसला, "म्हातारा सकाळीच टाकून आलाय!" बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हा माझा बाप, हे गाडीत कुणाला कळू नये असं मला वाटत होतं.

गावात आमच्या घराला बेवड्यांचं घर म्हणत. आजोबा बांधावरून पडायचे, मग काका, मग बाबा. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही हसलात. मी निदान शिकलेला होतो, कारण शोधू शकत होतो. बंगळूरच्या लॅबमध्ये टेक्निशियन झालो, तिथल्या मॅडमना घरचं सांगितलं. त्यांनी बाबा, काका आणि माझं रक्त तपासलं. बाबा आणि काकांच्या एकाच जीनमध्ये डीएनएची तीच तीन अक्षरं नको तितक्या वेळा आली होती. त्यानं मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजतो, आणि आजारी माणसाच्या प्रत्येक मुला-मुलीला तो होण्याची निम्मी शक्यता असते. माझ्यात तो दोष नव्हता.

तपासणीआधी मॅडमसाठी घराची वंशावळ काढली; त्यात पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आईनं आधीच बजावलं होतं, "सुमीचं नाव नको घालू रे. सासरी कळलं तर परत धाडतील तिला." मी सख्ख्या बहिणीचं वर्तुळ काढलंच नाही. एकुलता एक आहे, असं मॅडमना म्हणालो. याची आठवण आली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काही वर्षांनी सिद्धगडाच्या पायथ्याला सुमीच्या सासरी गेलो. ती भिंत धरून चालत होती. भाताच्या आवणीला तिला कुणी बोलवत नव्हतं. तिचा नवरा म्हणाला, "पाव्हणं, तुमची बहीण चोरून पिते." मी ओट्यावर बसून सगळ्यांसमोर आमच्या घरातल्या आजाराचं सगळं सांगितलं. नवरा खाली मान घालून बसला. सुमी जड जिभेनं म्हणाली, "तुला ठावं व्हतं? मंग हे मला बेवडी म्हनत व्हते, तवा तू कुठं व्हतास रे?"

तिला तपासणीला बंगळूरला न्यायचं ठरलं. मुरबाडच्या स्टँडवर ती पायरीवर अडखळली आणि मागून कुणीतरी हसलं. मी ओरडलो, "आजारी आहे ती! माझी बहीण आहे!" सगळी गाडी वळून बघू लागली. मी हात पुढे केला. सुमीनं तो धरला नाही, दांडा धरून ती एकटीच वर चढली.

लोक मला घर कुठलं विचारतात. किन्हवली सांगायला आता स्वतःच्याच लाजेनं जीभ रेटत नाही. सुमी ज्या दिवशी माझा हात धरेल, त्या दिवशी सांगेन.