आठवणीनं काढा

सगळ्या गल्लीच्या त्या टाचणीकाकू. कपडे उसवून बेताचे करून द्यायचं त्यांचं छोटंसं दुकान. दिवसभर ओठांत चार टाचण्या आणि हातात कुणाची तरी सैल झालेली कंबर. टाचण्यांमुळे ओठ मिटलेले राहत, हा एक फायदाच होता. मागे कधीतरी काकूंच्या तोंडावरून वारं गेलं आणि डावी बाजू जी खाली ओढली गेली ती तशीच राहिली. हसल्या की निम्मंच तोंड हसायचं. बाकी तब्येत ठणठणीत, जीभ तर त्याहून.

पण फोटोचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना नको व्हायचं. धाकट्या नणंदेच्या लग्नात बिचाऱ्या मनापासून हसल्या होत्या. अल्बम आला आणि अख्खं सासर म्हणालं, "हिला स्थळ पसंत नव्हतंच. बघा कसं तोंड वाकडं केलंय!" नणंदेनं कितीतरी दिवस अबोला धरला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की काकूंचा हात तोंडावर.

आणि आता लेकीचंच लग्न. काकूंचं मत चौकातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना. ते प्रत्येकाला उभं करून "मान डावीकडे, हनुवटी खाली, हलू नका" असं बजावत. म्हणजे चांगली बाजू पुढे करायला सवड तरी मिळणार. लेकीनं नाक मुरडलं.

"आई, त्यांच्या फोटोत नवरानवरीसुद्धा पासपोर्टला आल्यासारखे दिसतात!"

तिनं शोधलेली फोटोग्राफर कुणाला हस म्हणायची नाही की उभं करायची नाही. माणसं आपल्या नादात असताना गुपचूप टिपायची. काकूंना धडकीच भरली. खरं सांगावं, तर लेक आपली हौस गुंडाळून ठेवणार. गप्प बसावं, तर तिच्या सासरच्यांना वाटणार की हिच्या आईला मुलगा आवडलेला नाही. ते पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

शेवटी दुकानाला कुलूप घालून त्या एकट्याच फोटोग्राफरकडे गेल्या. खरं कारण सांगायची लाज वाटली.

"मी नवरीची आई. माझे फोटो तेवढे... आठवणीनं काढा."

"काढते की, काकू! एकही सोडत नाही."

"लेकीला बोलू नका हं."

"छे! आपल्या दोघींतच."

काकू तरंगतच घरी आल्या. लग्नात त्यांचा हात एकदाही तोंडाकडे गेला नाही. खळखळून हसल्या, पोटभर रडल्या. आपले फोटो अल्बममध्ये येणारच नाहीत, मग भीती कसली?

अल्बम बघायला लेक, जावई आणि विहीणबाई काकूंच्याच घरी जमले. पहिल्या पानावर काकू. दुसऱ्यावर काकू. पुढे तर पानभर काकू, जावयाच्या कोटाची उसवलेली बाही शिवताना, वाकड्या तोंडानं हसत.

"अगं, हे काढ म्हणाले होते मी तिला!"

"मग काढलेत की तिनं," लेक म्हणाली.

"काढ म्हणजे काढून टाक!"

लेक हसून हसून खुर्चीतून घसरली. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते पान जवळ ओढलं.

"खरं सांगू? बोलणी करायला आलो तेव्हा फोटो काढताना तुमचा हात सारखा तोंडावर. वाटलं, आमचा मुलगा काही तुमच्या मनात भरला नाही. तेव्हापासून घोर होता मला. हा फोटो बघितला आणि जीव भांड्यात पडला."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तोंड वाकडं आहे माझं."

"होय? मला वाटलं, दातांनी दोरा तोडताय."

आता मात्र काकूंना हसू आवरेना. किती वर्षांचं ओझं उतरलं होतं. जावयानं फोन वर धरला.

"काढू का?"

सवयीनं काकूंचा हात उठला, पण तो विहीणबाईंच्या खांद्यावर जाऊन टेकला.

"काढा," काकू म्हणाल्या, "पण काढून टाकू नका."