काळी चार आणि माझी गिटार

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला गिटार शिकायची हुक्की आली. डिलाईल रोडच्या चाळीतल्या बाईने या वयात फार तर गुडघ्याला पट्टा घ्यावा. मी गिटार घेतली आणि दर शनिवारी शिवाजी पार्कजवळच्या एका सरांकडे जायला लागले. सर निवृत्त, शुद्ध बोलणारे, घरातला पंखासुद्धा एकवर लावणारे. "ताई, वाजवायचं नाही, वाजू द्यायचं," म्हणायचे. मी वाजू दिलं. काहीच वाजलं नाही.

सरांची पद्धत अशी, की दर तीन महिन्यांनी शैली बदलायची. आधी ब्लूज. त्यात तार ओढून सूर रडवायचा. मी इतकी ओढली की तार तुटली. सर म्हणाले, "भाव चांगला होता." मग स्पॅनिश. त्यासाठी उजव्या हाताची नखं वाढवायची, म्हणजे कणीक मळायची पंचाईत. मग ब्राझीलचं काहीतरी. त्यात अंगठा एकीकडे चालतो आणि बोटं भलतीकडे, आमच्या चाळीच्या कमिटीसारखी. शेवटी जॅझ. जॅझमध्ये म्हणे कॉर्डमधला, म्हणजे एकदम छेडलेल्या सुरांतला, मुख्य सूरच गाळायचा आणि ऐकणाऱ्याने तो मनात धरायचा. वर्षभरात चार शैली झाल्या. एक गाणं धड येत नव्हतं, पण बोलायला मी एकदम तयार झाले होते.

आमचे बाबा चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा. गिरणीत होते तेव्हापासून गातात, आता पंचाहत्तरी उलटली. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे जीभ तिखट. त्यांना मी तो सा गाळलेला कॉर्ड कौतुकाने वाजवून दाखवला.

"सा खंय गेलो गो?"

"बाबा, तो मनात धरायचा असतो."

"मगे गिटार पण मनातच धर."

बाबांची पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी हाच त्यांचा सा, चाळीस वर्षं तोच. पण वर्षभर झालं, वरचा सा लावताना आवाज फाटायला लागला होता. मंडळातले लोक नेमके त्याच वेळी टाळ जोरात वाजवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सांगायची छाती कुणाची नव्हती, कारण बाबांनीच जाहीर करून ठेवलं होतं, "काळी चार सुटली की गाणा बंद." मला त्याचीच धास्ती. आई गेल्यावर भजनानेच त्यांना उभं ठेवलं होतं. गाणं बंद झालं तर हा माणूस दिवसभर करणार काय?

त्यात चाळीच्या सत्यनारायणाला पेटीवाला गावी लग्नाला गेला. "तुजो खोको घेवन ये," बाबा म्हणाले. खोका म्हणजे माझी गिटार. मी हुरळले. गिटारच्या दांडीवरच्या चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि अभंग सुरू होताच वर्षभराची सगळी विद्या त्यावर ओतली. दुसऱ्या ओळीला बाबा थांबले. ते आधार शोधत होते आणि मी नेमका तोच गाळला होता.

"सा दी गो बाय! तितकोच मागतंय."

अख्खी चाळ हसली. मेल्यांना तेवढंच हवं असतं.

हशा चालू असतानाच मला सुचलं. "तारा लावून घेते," म्हणत मी मान खाली घातली आणि कॅपो चौथ्यावरून दुसऱ्या फ्रेटवर सरकवला. काळी चारची झाली काळी तीन, सा एका सुराने खाली. पखवाजवाले काका बाबांचे गिरणीतले जोडीदार. त्यांनी माझ्या हाताकडे एकदा पाहिलं, हातोडी घेतली आणि ठोकून ठोकून पखवाजही तेवढाच उतरवला. मग मी शैलीबिली सगळं सोडलं. नुसता सा आणि प. बाबा वर गेले. सा लागला, लागूनच राहिला. शिरा वाटणाऱ्या बायका हातात वाट्या घेऊन दारातच थांबल्या. मला तर रडूच आलं.

खोलीत परत आलो तेव्हा मी हवेत होते. "बाबा, आज काय सा लागला हो!"

बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली. "काळी तीन होती."

मी गिटार कोपऱ्यात ठेवायला वळले.

"पखवाज उतरवलेलो माका ऐकाक येणा नाय? आणि ते टाळ? वर्षभर कित्याक बडवतत, ता माका कळणा नाय?"

"मग गायलात कशाला?"

"देवाचा काम. मधीच उठान जाऊ?" ते खुर्चीवर बसले. "तू माका विचारलंस? काळी चारवर फुटलो असतो तर माझो आवाज फुटलो असतो. तुजो नाय."

मला राग आला. एवढं करून वर हेच ऐकायचं! पण लाज त्याहून जास्त वाटली.

पेटीवाला गावाहून परतला. पुढच्या गुरुवारी बाबा भजनाला बसले, खाकरले, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काळी तीन दी रे." पेटीवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. ते टाळवाल्यांकडे वळले होते.

"आणि टाळ हळू वाजवा. माका माझो आवाज ऐकूचो आसा."