वाकड्या शिंगाचा बैल

मुलगी चार वर्षांची झाली आणि आमच्या घरात सरळ चालणं बंद झालं. वर्ध्यातलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. त्यात तीन हेलिकॉप्टरं, भातुकलीचे दोन संच आणि टाळी वाजली की गाणारा एक कुत्रा. बायको भाकरी थापायला बसली की त्याला ती टाळीच वाटायची. भाकरी आणि गाणं, दोन्ही एकदमच संपायचं. नातेवाईक लांब राहतात आणि प्रेम फार करतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

मेहुण्याने तर कहर केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून मैदानावर आणतात. त्यासाठी त्याने चाकांवरचा नंदी पाठवला. तो दारातून आत येईना, म्हणून सुतार बोलावून दार काढलं. तेव्हापासून दूध हवं असेल तर आधी नंदी सरकवायचा, मग फ्रीज उघडायचा.

बाबांची भेट त्यामानाने लहान होती. ते कारंज्याला राहतात. गुडघे गेले तेव्हा त्यांनी खरी बैलजोडी विकली आणि त्याच वर्षी गावच्या सुताराकडून नातीसाठी वीतभर उंचीची लाकडी जोडी करून आणली. एक तांबडा, एक पांढरा. पांढऱ्याचं डावं शिंग खाली वाकलेलं होतं.

पोळ्याच्या महिनाभर आधी बायकोचा पाय हेलिकॉप्टरवर पडला. "या घरात आता एक तर हे खेळणे राह्यतीन, नाई तर मी," तिने जाहीर केलं. मी लगेच आवरायला घेतलं. माहेरच्या वस्तूंना हात लावण्याएवढा मी मूर्ख नाही, म्हणून माझ्या बाजूचं शोधलं आणि पांढरा बैल उचलला. शिंग सुताराच्या हातून बिघडलेलं, त्यात तांबडा उरतोच की! शेजारच्या काकूंच्या नातीला तो देऊन टाकला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने जोडी फोडली आणि वर निवांत चहा प्यायला.

तान्ह्या पोळ्याला बाबा सकाळच्या एसटीने आले. पाणीसुद्धा न पिता त्यांनी फ्रीजवर पाहिलं, तिथे तांबडा एकटाच उभा होता.

"याचा जोडीदार कुठी हाय?"

"रंगवायले देला, बाबा."

"एकालेच काऊन?"

"त्याचाच रंग उडला होता."

संध्याकाळी मैदानावर मुलीने तांबडा काखेत धरला होता आणि समोरून काकूंची नात आली. तिच्या दोरीला आमचा पांढरा बैल होता. पांढरा कसला, आता तो गुलाबी होता, पाठीवर चमकी आणि कपाळावर टिकली. पण शिंग तेच. बाबा गुडघे धरत कसेबसे खाली बसले, त्याच्या वशिंडावरून हात फिरवला आणि त्या पोरीला विचारलं, "खाते का गं हा नीट?"

"बिस्किटं खाते," ती म्हणाली.

बाबा उठून माझ्याकडे आले. "रंग चांगला देला हो त्यानं," एवढंच बोलले. जाताना तांबडा मागून घेतला, पिशवीत घातला आणि शेवटच्या एसटीने परत गेले.

दिवाळीत आम्ही कारंज्याला गेलो. रिकाम्या गोठ्यात तांबडा उभा होता. गळ्यात खरं दावं, ते खुंट्याला बांधलेलं, पुढ्यात मूठभर हिरवा चारा. शेजारचा खुंटा मोकळा होता. मुलीने चारा त्याच्या तोंडाजवळ नेला.

"राहू दे," बाबा तिला म्हणाले. "हा एकटा खात नाई."

ओसरीवर माझा दहावीतला फोटो आहे, मागे खरी बैलजोडी. कित्येक वर्षं मी त्यात फक्त स्वतःला पाहत आलो होतो. त्या दिवशी मागे पाहिलं. पांढऱ्याचं डावं शिंग खाली वाकलेलं होतं. मला फार लाज वाटली.

वर्ध्याला परतल्यावर काकूंच्या नातीकडे बैल मागायला गेलो. पाच वर्षांची पोरगी, पण बाजारात बसवली तर भल्याभल्यांना जड जाईल. आधी कुत्रा मागितला. मग हेलिकॉप्टरं, मग भातुकली. माझी लेक शेजारी उभी राहून एकेक वस्तू स्वतःच देत होती. "आबाचा बैल दे," एवढंच तिचं चाललं होतं. शेवटी नंदीसुद्धा गेला. पुन्हा सुतार आला, पुन्हा दार निघालं. बायकोच्या माहेरची वस्तू गेली. फ्रीज उघडून तिने शांतपणे दूध काढलं.

रविवारी तो गुलाबी बैल मांडीवर घेऊन मी कारंज्याच्या एसटीत बसलो. लोक बघत होते, बघू दिलं. बाबांनी त्याला हातात घेतलं, चमकी पुसायचा प्रयत्न केला, नाही निघाली. मग मोकळ्या खुंट्याला त्याला बांधलं, तांबड्याच्या डाव्या अंगाला, पूर्वी असायचा तसा. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"तो दुरून आला," बाबा मध्येच म्हणाले. "पाणी दाखव त्याले."

मी हौदातून बादली भरून आणली आणि लाकडी बैलासमोर धरून उभा राहिलो. बाबा "बस झालं" म्हणेपर्यंत धरून ठेवली.