नळावरचा शेवटचा नंबर

मैद्याची खळ शिजायला लागली की मला रायपूरच्या गुढियारी भागातल्या विमलमावशींचं दार आठवतं. परवा युद्धाविरुद्धची पोस्टरं चिकटवायला खळ केली, तेव्हा आमच्यातलाच एक म्हणाला, "आपला देश तटस्थ आहे ना? मग दार लावून गप्प बसायचं."

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. रेल्वेत नोकरीला असलेल्या मावशींच्या ओसरीत आम्ही अशीच खळ ढवळत होतो. पाऱ्यातल्या, म्हणजे तिथल्या मोहल्ल्यातल्या, दोन गटांत नळावरून मारामारी जुंपली आणि डोकं फुटलेला एक पोट्टा लाठीसकट दाराशी आला.

"लाठी बाहेर ठेव, मंग आत ये," मावशी म्हणाल्या. त्यानं ठेवली. मागोमाग तिघं लाठ्या घेऊन धावत आले. मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "तुमीबी ठेवा आन् पानी प्या."

"चाची, तुम किसकी तरफ हो?"

"कोनाच्याच नाही. पन या घरात मारामारी होनार नाही."

त्या तिघांनी खिडकीची काच फोडली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या पोट्ट्याचा बाप जिलेबी घेऊन आला. "आप तो अपनी निकलीं, दीदी."

मावशींनी पुडा परत केला. "उद्या त्याइचा पोट्टा असा आला, तं त्यालेबी आत घेईन."

बाप पुडा घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात दोन्ही गटांनी मिळून मावशींचा नंबर नळावर शेवटी लावला. पाणी बहुतेकदा त्याआधीच जायचं.

तटस्थ राहणं ज्यांना फुकटचं वाटतं, त्यांनी त्या रांगेत मावशींच्या मागे उभं राहून बघावं.