एप्रिलातली छाटणी

आशाताईंची द्राक्षवेल मी छाटली. त्या लेकीकडे कार्डिफला गेल्या होत्या आणि शेजारी म्हणून मला फक्त त्यांच्या लेस्टरच्या गार्डनला पाणी घालायला सांगितलं होतं. पण नाशिककडे एप्रिलात खरड छाटणी करतात, हे मी एका व्हिडिओत पाहिलं होतं, आणि अर्धवट ज्ञानाच्या हाती कात्री आली की ते थांबत नाही. एकेक काडी बुडापाशी एकच डोळा, म्हणजे कोंब, ठेवून उडवली. पुढे आठवडाभर ती वेल गळक्या नळासारखी ठिबकत होती.

आशाताई निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. परत आल्यावर त्यांनी वेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इथे ऐन थंडीत छाटतात, एप्रिलात छाटली म्हणजे यंदाचं फळ गेलं, एवढंच बोलल्या. वेलीचं चौथं वर्ष. पहिले घड यंदाच धरायचे होते. आणि सप्टेंबरात ते रघुवीरपुढे ताटलीत ठेवायचे होते.

हा रघुवीर ताईंच्या ओळखीतला, लंडनच्या स्टॅनमोरचा, फायनान्समधला. फ्रान्समधल्या डोंगरउतारावरच्या एका चिमुकल्या गावात दोन सुट्ट्या काढून आल्यापासून तो वाइन पितो कमी आणि सांगतो जास्त. तिथल्या द्राक्षाची जात त्या उताराबाहेर फळ धरतच नाही, असं त्याने मागच्या दिवाळीत ताईंना सुनावलं होतं. ताईंची वेल नेमकी त्याच जातीची.

ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात तो त्या गावची बाटली घेऊन आला. ग्लास गरगरवून, त्यात नाक बुडवून त्याने चुनखडी, काळी मिरी आणि जुन्या दप्तराचा वास हुडकून काढला. ताईंनी विचारलं, उतार कुठल्या दिशेला आहे? वेलीवर काड्या किती ठेवतात? रघुवीरला तिथल्या चीजवाल्याचं नाव ठाऊक होतं.

"अहो ताई, सगळी जादू जमिनीची. नुसता दगड आहे तिथे."

"आमच्याकडे अशा जमिनीला दारिद्र्य म्हणतात," ताई म्हणाल्या. "त्यांनी ते बाटलीवर छापलं."

मग तो मागच्या दारी गेला. वेलीला पानंच पानं, घड एकही नाही. स्वारी खूश. "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

ताई "असेल बाबा" म्हणाल्या आणि त्याला चिवडा बांधून दिला.

त्याची गाडी वळल्यावर मी विचारलं, "ताई, वेल मी बिघडवली, हे का नाही सांगितलंत त्याला?"

"एका दिवसाला एक शहाणा पुरे."