लिंडेनखालचा पार

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहराचे शेवटचे राउंडअबाउट संपले की आमचे गाव लागते, आणि वेशीवर एक पाटी. हे गाव जर्मनीतल्या एका खेड्याचे जुळे आहे, असे ती सांगते. जुळे म्हणजे काय, तर दोन गावांनी मैत्रीचा करार करायचा, एकमेकांकडे पाहुणे पाठवायचे आणि परतल्यावर तिथल्या पावाला नावे ठेवायची. गेल्या वर्षी पॅरिश कौन्सिलने, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीने, विचारले, त्या खेड्यात पाहण्यासारखे आहे तरी काय? काही नसेल तर पाटी काढू. हा करार सांभाळणाऱ्या गावच्या मैत्री समितीने घाईघाईने माहितीपुस्तिका काढायचे ठरवले आणि ते काम माझ्यावर आले. मी बर्मिंगहॅमच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्त मास्तर दिसला की लोक त्यालाच निबंध लिहायला बसवतात.

मी शिस्तीत अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की त्या खेड्यात काहीही घडलेले नाही. सैन्ये शेजारच्या खोऱ्यातून गेली, आगगाडी त्याच्याही पलीकडून. चर्चचे घड्याळ सात मिनिटे मागे असते. आग विझवायला खणलेल्या तळ्यात बदके राहतात. गावाची एक सामाईक भट्टी आहे, तिथे अजूनही शनिवारी पाव भाजतात. आणि मधोमध लिंडेनचे झाड, त्याभोवती दगडी ओटा.

समितीचे अध्यक्ष कष्टी झाले. "एखादा राजा मुक्कामाला राहिला असेल?"

"नाही."

"राजाचा घोडा तरी? तळे आहे ना?"

"तळे राजे संपल्यानंतरचे आहे."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू राजे मीच संपवले.

मग समिती प्रत्यक्ष पाहणीला गेली. सोबत माझी पत्नी होती. तिने तीस वर्षे बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल दिली आहे, त्यामुळे भाषणे तिला नवी नाहीत. लिंडेनसमोर उभे राहून अध्यक्ष सांगू लागले, की हे प्राचीन न्यायपीठ, इथे गुन्हेगारांना फाशी सुनावली जाई. हे मी कुठेही लिहिले नव्हते. सगळे अदबीने चार पावले मागे सरले.

"अहो, हा तर पार!" पत्नी म्हणाली. तिने बूट काढले, ओट्यावर मांडी घातली आणि धपाट्यांचा डबा उघडला.

"मॅडम, ही ऐतिहासिक वास्तू आहे," अध्यक्ष कुजबुजले.

"अगं, ऊठ ना," मीही म्हणालो. मास्तरकी ती हीच. मुलाने बरोबर उत्तर दिले तरी आधी त्याला हात वर करायला लावायचे.

"का? पार बसायलाच असतो. तुम्ही पुस्तकात काय लिहिलंत?"

मी लिहिले होते: 'वर्तुळाकार दगडी रचना, प्रयोजन अज्ञात.'

इतक्यात गावातली एक आजी भाजीची पिशवी घेऊन आली आणि पत्नीशेजारी टेकली. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी फाशीचे विचारले. ती खदखदून हसली. "फाशी? इथे भांडणं मिटतात, लग्नं जमतात, आणि उरलेला वेळ लोक एकमेकांना कंटाळा आणतात." मग आम्ही कुठून आलो ते कळल्यावर धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाली, "आमच्या वेशीवरची तुमच्या गावाच्या नावाची पाटी ना? गटाराच्या कामात काढली. आगीच्या बंबाच्या शेडमध्ये असेल." ती काढली आहे हे आमच्या समितीला ठाऊकच नव्हते.

परत आल्यावर मी ती ओळ खोडली आणि लिहिले: 'हा पार आहे. येथे बसावे.' राजा घालायला नकार दिला.

कौन्सिलच्या सभेत मी पुस्तिका वाचून दाखवली. शेवटी एका सभासद बाईंनी सहज विचारले, "आपल्या गावात असं बसायला काही आहे का?"

सभासदांनी अजेंड्यात डोके घातले. बसस्टॉपसमोर एक बाक होते. लोक त्यावर फार वेळ बसतात, या कारणाने ते याच कौन्सिलने काढून टाकले होते. त्याची चर्चा नको म्हणून पाटी ठेवण्याचा ठराव मिनिटभरात, एकमताने संमत झाला. अध्यक्षांनी माझा हात दाबून विजयाबद्दल अभिनंदन केले.

घरी येऊन मी पत्नीला बातमी दिली. "पाटी राहिली."

"छान," ती म्हणाली. "आता जर्मन पाहुणे आले की त्यांना पाटीवर बसवा."