लसूणघासात शिरलेली गाय

त्या उन्हाळ्यात आमच्या बार्शीटाकळीकडच्या शेतात हिरवं काही उरलं असेल, तर विहिरीच्या पाण्यावर जगवलेले लसूणघासाचे चार वाफे. नुसतं तुरीचं कुटार, मळणीनंतरचा सुका भुसा, खाऊन म्हशी आटत चालल्या होत्या, म्हणून मी हा घास सुकवून कुटारात मिसळायची. ओला भरपेट खाल्ला तर जनावर फुगून मरतं, हे मी माहेरी बडनेऱ्याला पाहिलं होतं.

एका सकाळी धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याची गाय दावं तोडून घासात शिरली. मी आणि नवरा पोचलो तेव्हा ती आडवी पडून पाय झाडत होती. जीभ बाहेर, डावी कूस दगडासारखी ताठ. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते अकोल्याहून निघणार होते. गाईजवळ तेवढा वेळ नव्हता.

तिचा मालक काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, आम्ही घासावर विष मारलं. मध्ये पडलेल्या माझ्या नवऱ्याच्या डोक्यात त्याने काठी घातली. कान फाटला, रक्त सदऱ्यात उतरलं. मी सांगत होते, पण तो कोणाचं ऐकत नव्हता. नवऱ्याने त्याला कवेत धरून मातीत पाडलं.

पोटात कोंडलेला वारा बाहेर सोडायला मी शिदोरीच्या पिशवीतून चाकू काढला. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांमधला खळगा चाचपला आणि सगळा भार देऊन खुपसला. पहिल्यांदा पातं कातड्यावरून घसरलं. दुसऱ्यांदा मुठीपर्यंत गेलं. तेवढ्यात गाईचा मालक सुटून आला आणि काठी माझ्या मनगटावर बसली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. डाव्या हाताने मी पातं आडवं फिरवलं. भोकातून जोरात वारा सुटला, हिरवा फेस माझ्या तोंडावर उडाला आणि गाईचं पोट बसू लागलं.

त्याने काठी टाकली.

मला दवाखान्यात त्यानेच नेलं, मोटारसायकलवर. अकोला आल्यावर तो म्हणाला, "काहून सांगतलं नाही मले?"

"सांगूनच राहिली होती, भाऊ. तुमी ऐकलं कुठी?"

गुरांच्या डॉक्टरांनी गाईला टाके घातले, ती वाचली. माझं मनगट वाकडं जुळलं. नवऱ्याला पोलिसात तक्रार द्यायची होती, मी देऊ दिली नाही. त्या कानाने त्याला आता कमी ऐकू येतं, आणि मी तेव्हा चुकले असं तो अजूनही म्हणतो. मी वाद घालत नाही.